लिम्फोमाच्या रिपोर्टात जनुकांची नावं आली, म्हणजे किती वर्षं उरली?

प्रश्न गडहिंग्लज तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. वडील ६३ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. काखेत गाठ आली, बायोप्सीत डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे बी या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला. पेट स्कॅनमध्ये काखेत आणि पोटात गाठी, म्हणजे तिसरी स्टेज. रक्तातलं एलडीएच नॉर्मल, माणूस हिंडताफिरता. आर-चॉपचे, म्हणजे चॉप ही किमो आणि तिच्याबरोबर रिटक्सिमॅब हे औषध, असे दोन डोस झाले, काखेतली गाठ आता हाताला लागत नाही. एवढ्यात जनुक तपासणीचा रिपोर्ट आला: एमवायडी८८ (एल२६५पी) आणि सीडी७९बी या जनुकांत बदल आहे, टीपी५३ मध्ये बदल नाही. मुलानं रात्री मोबाईलवर शोधलं तर अशा रुग्णांतले पाच वर्षांनी फक्त २६ टक्के जिवंत राहतात असं वाचायला मिळालं. त्याचे प्रश्न तीन. हा आकडा खरा का? आता मुंबईला न्यावं का? आणि बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, हा आजार रक्तातून पुढं जातो असं पाव्हण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, त्यात तथ्य किती?

कोल्हापुरात लिम्फोमाचे रुग्ण बघायला लागल्यापासून हे प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी ऐकायला मिळतात. पूर्वी लोक स्टेज विचारायचे, आता जनुकाचं नाव विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो २६ चा आकडा. तो खोटा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या लिम्फोमाच्या ५७४ नमुन्यांची जनुकं तपासली आणि त्यातून चार गट पाडले. एमवायडी८८ आणि सीडी७९बी हे दोन्ही बदल एकत्र असलेल्या गटाला एमसीडी नाव दिलं. त्या गटात पाच वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास निघालं. नॉच१ वाल्या गटात ३६, आणि उरलेल्या दोन गटांत, म्हणजे बीएन२ आणि ईझेडबीमध्ये, ६५ ते ६८. पण अभ्यासासाठी जपून ठेवलेले नमुने होते ते, रोजच्या ओपीडीत ओळीनं येणारे रुग्ण नव्हेत. शिवाय असे गट पाडले की एकेका गटात माणसं थोडी उरतात. गट वाईट हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं, पण २६ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका.

आता दुसरा आकडा बघा. वय ६० च्या वर आणि तिसरी स्टेज एवढेच दोन धोक्याचे मुद्दे तुमच्या वडिलांकडे आहेत. एलडीएच नॉर्मल, चालतं-फिरतं शरीर, गाठींबाहेर दोन-तीन अवयवांत आजार पसरलेला नाही. आयपीआय नावाची ही गुणपद्धत १९९३ पासून वापरात आहे. तुमचे वडील त्यात दोन गुणांवर बसतात. २००७ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी रिटक्सिमॅबच्या काळात तीच पद्धत पुन्हा तपासली, तेव्हा एक-दोन गुणांच्या रुग्णांत चार वर्षांनी जिवंत असलेले ७९ टक्के होते.

एकच माणूस, एकच गाठ, आणि आकडे दोन: ७९ आणि २६. दोन्ही छापून आलेले आणि आपापल्या जागी प्रामाणिक. यातला कुठला धरायचा असं विचाराल तर एकही जसाच्या तसा धरू नका. ७९ ला वडिलांची जनुकं माहीत नाहीत. २६ ला दोन डोसांत गाठ विरघळली हे माहीत नाही. वडिलांची शक्यता या दोहोंच्या मध्ये कुठंतरी आहे, आणि ती नेमकी कुठं हे चौथ्या डोसानंतरचं पेट स्कॅन बरंचसं सांगेल.

हे बदल करतात काय, ते समजलं तर भीती थोडी आटोक्यात येते. बी पेशीला वाढायचा निरोप बाहेरून यावा लागतो. जंतू दिसला की तिच्या अंगावरचा रिसेप्टर जागा होतो, निरोप आत जातो, पेशी वाढते, काम झालं की थांबते. सीडी७९बी हा त्या रिसेप्टरचाच तुकडा. एमवायडी८८ हा आतला निरोप्या. एल२६५पी म्हणजे त्या प्रथिनातल्या २६५ व्या जागी ल्युसीन जाऊन प्रोलीन आलं. एवढ्यानं निरोप्या कायमचा चालू राहतो. जंतू नाही, गरज नाही, तरी ‘जग, वाढ’ हा निरोप चालूच. या दोन्ही वाटा पुढं जिथं जातात तिथं बीटीके नावाचं प्रथिन बसलेलं आहे, आणि ते बंद करणाऱ्या गोळ्या आपल्याकडं आहेत. म्हणजे जो बदल वाईट म्हणून मोजला गेला तोच एका औषधाला दारही दाखवतो.

मग ती गोळी वडिलांना लगेच का देत नाहीत? हा पुढचा प्रश्न येणारच. २०१९ मध्ये फिनिक्स नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आर-चॉपबरोबर इब्रुटिनिब ही बीटीके बंद करणारी गोळी दिली तर काय होतं ते त्यात पाहिलं. एकूण हिशेबात फायदा दिसला नाही. ६० च्या आतल्या रुग्णांना झाला, वरच्यांना त्रासच जास्त झाला, त्यांचे किमोचे डोसही पुरे झाले नाहीत. २०२१ मध्ये त्याच चाचणीतल्या तरुण रुग्णांची जनुकं तपासली तेव्हा एमसीडी आणि नॉच१ गटातल्या, इब्रुटिनिब घेतलेल्या रुग्णांत तीन वर्षांपर्यंत एकाचाही आजार उलटला नव्हता. फक्त आर-चॉप घेतलेल्या एमसीडी रुग्णांत आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास होतं. संख्या लहान होती, पण फरक एवढा मोठा की नजरेआड करता येत नाही. नंतर शांघायच्या रुईजिन हॉस्पिटलनं १२८ रुग्णांत जनुकगट बघून आर-चॉपला वेगवेगळं औषध जोडलं. दोन वर्षं आजार न वाढलेले ८८ टक्के, नुसत्या आर-चॉपमध्ये ६३.

वडील ६३ चे आहेत. फिनिक्समध्ये ज्यांना अपाय झाला त्या वयोगटात ते येतात. आर-चॉप नीट लागू पडत असताना मधेच गोळी जोडायला मी तरी जाणार नाही. ती हाताशी राहू दे. पेटमध्ये काही शिल्लक दिसलं, किंवा पुढं आजार उलटला, तर हा रिपोर्ट कामाला येतो, आणि तेव्हा तो फाईलमध्ये असलेला बरा. पोलाटुझुमॅब या औषधाचाही विचार या प्रकारात होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोलारिक्स चाचणीत त्यामुळं दोन वर्षं आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ७० वरून ७७ टक्क्यांवर गेलं, पण एकूण जगण्यात तेव्हा फरक दिसला नव्हता. ज्यांना खर्चाची चिंता आहे त्यांनी त्यासाठी जमीन गहाण टाकू नये, हे माझं स्पष्ट मत.

तुमच्या रिपोर्टातली मला सर्वांत आवडलेली ओळ मात्र ‘टीपी५३ मध्ये बदल नाही’ ही आहे, आणि तुम्ही ती पत्रात शेवटी लिहिली. तिथं थोडं थांबतो. किमो कॅन्सर पेशीला थेट मारते असं लोकांना वाटतं. बहुतेक किमो पेशीच्या डीएनएची मोडतोड करते. ती मोडतोड ओळखून, दुरुस्ती शक्य नाही असं ठरवून, पेशीला स्वतःहून मरायला लावणारा पहारेकरी म्हणजे टीपी५३ पासून बनणारं प्रथिन. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोडची रिले असते ना, तसं. लोड वाढला की ट्रिप. काही जण वैतागून स्टार्टर डायरेक्ट करतात, मग कितीही लोड येऊ दे, मोटार चालूच. टीपी५३ बिघडलेली पेशी तशी डायरेक्ट झालेली असते. फरक एवढाच की मोटार शेवटी जळते, ही पेशी जळत नाही.

म्हणून टीपी५३ चा बदल जवळजवळ प्रत्येक लिम्फोमात जड जातो. सर्वांत ठळकपणे मॅन्टल सेल लिम्फोमा या दुसऱ्या प्रकारात. नॉर्डिक देशांतल्या, तरुण रुग्णांना तीव्र किमो आणि स्वतःच्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण दिलेल्या चाचण्यांचं विश्लेषण २०१७ मध्ये आलं. टीपी५३ बदललेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य १.८ वर्षं, न बदललेल्यांचं १२.७. उपचार तोच, डॉक्टर तेच. इतका फरक स्टेजनंसुद्धा पडत नाही. पण याचा उपयोग असा की ज्याच्या रिपोर्टात तो बदल आहे त्याला जास्त तीव्र किमो देऊन आणि प्रत्यारोपणाचा घाट घालून फारसं हाती लागत नाही हे आधीच कळतं. त्याला पहारेकऱ्याला वळसा घालून जाणारी औषधं लागतात, म्हणजे बीटीकेच्या गोळ्या, व्हेनेटोक्लॅक्स, जमल्यास कार-टी (रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत देण्याचा उपचार). दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हेच झालं. टीपी५३ बिघडलेले रुग्ण पूर्वी दोन-तीन वर्षांत जायचे. आता गोळ्यांवर वर्षानुवर्षं आहेत, ऊस लावतायत, हंगामात कारखान्याच्या टोळीशी भांडतायत.

म्हणजे एखाद्या जनुकाचा आयुष्यावरचा परिणाम हा नेहमी कुठल्या तरी उपचाराखालचा परिणाम असतो. उपचार बदलला की तो बदलतो. गाठीत बीसीएल२ प्रथिन जास्त असणं हे चॉपच्या काळात वाईट लक्षण होतं. रिटक्सिमॅब आलं आणि त्यातला बराचसा वाईटपणा गेला. भारतात २००७ मध्ये या औषधाची देशी आवृत्ती आली, तेव्हापासून ते जिल्ह्याच्या गावातही देता येऊ लागलं. आयुष्याचा जुना आकडा वाचताना तो कुठल्या औषधाच्या काळातला हे बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

कुठल्या लिम्फोमात तो बदल सापडला, हेही तितकंच महत्त्वाचं. एमवायसी हे जनुक घ्या. बर्किट लिम्फोमात एमवायसी जागा बदलून बसलेलंच असतं, तोच त्या आजाराचा पाया. तरी योग्य तीव्र किमो मिळाली तर दहातली नऊ मुलं बरी होतात. तेच एमवायसी डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये बीसीएल२ च्या तुटफुटीबरोबर आलं की त्याला डबल हिट म्हणतात, आणि तिथं आर-चॉप अपुरं पडतं. आणि सगळे बदल वाईटही नसतात. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियात आयजीएचव्ही जनुकात बदल झालेले रुग्ण न झालेल्यांपेक्षा जास्त जगतात, हे १९९९ पासून माहीत आहे. ‘म्युटेटेड’ वाचून घरात रडारड झालेली आणि मी पेढे मागितलेले, असं आमच्या ओपीडीत होतं.

तुमच्या रिपोर्टातल्या दोन ओळींनी तुम्हाला विनाकारण घाबरवलंय असं दिसतं, त्या सोडवून देतो. पहिली, ‘एमवायसी ५० टक्के, बीसीएल२ ८० टक्के, डबल एक्स्प्रेसर’. हे डबल हिट नव्हे. पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या चकतीवर रंग चढवून किती टक्के पेशींत ते प्रथिन दिसतं ते मोजतो. एमवायसी ४० आणि बीसीएल२ ५० च्या वर गेलं की डबल एक्स्प्रेसर लिहायचं. असे रुग्ण चारातला एक तरी असतो. डबल हिट मात्र जनुक जागेवरून तुटलं का यावर ठरतं, आणि ते फिश नावाच्या तपासणीत बघतात. जनुकाच्या एका टोकाला लाल, दुसऱ्याला हिरवा ठिपका चिकटवतात. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके बिलगून पिवळसर दिसतात. तुटलं असेल तर लाल एकीकडं, हिरवा दुसरीकडं. तुमच्या रिपोर्टात एमवायसीचे ठिपके बिलगलेले आहेत, म्हणून तिथं ‘निगेटिव्ह’ लिहिलंय. डबल एक्स्प्रेसरचा निकाल थोडा कमी चांगला, पण त्यासाठी आर-चॉप बदलायचं कारण नाही.

दुसरी ओळ ‘व्हीएएफ ३४ टक्के’. कॅन्सर ३४ टक्के पसरला असा तुम्ही अर्थ लावलात. तसं काही नाही. गाठीच्या तुकड्यातून त्या जनुकाच्या जेवढ्या प्रती वाचल्या त्यातल्या शंभरात ३४ प्रतींवर बदल होता, एवढाच अर्थ. तुकड्यात कॅन्सर पेशी किती आणि साध्या पेशी किती, यावर तो आकडा खालीवर होतो. आजाराच्या पसाऱ्याशी त्याची गल्लत करू नका.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण जनुकांच्या चर्चेत ती मागं पडते. रिपोर्ट खरा येण्यासाठी गाठ नीट काढलेली आणि नीट ठेवलेली लागते. मानेत गाठ दिसली की टीबीची औषधं सुरू करून दोन महिने बघायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. टीबी आहेच आपल्याकडं भरपूर, पण तुकडा न तपासता औषधं देण्यात लिम्फोमाचे महिने वाया जातात. नंतर सुईनं चार थेंब काढून निदान मागायचं, हा दुसरा प्रकार. सुईच्या नमुन्यात गाठीची रचनाच दिसत नाही. शक्य असेल तिथं अख्खी गाठ काढा, ती फॉर्मलीनमध्येच टाका, आणि फॉर्मलीन गाठीच्या दहापट तरी असू दे. सलाईनच्या बाटलीत एसटीनं आलेली गाठ सुद्धा पाहिलीय, तिच्यातून डीएनए काय मिळणार! बोन मॅरोचा तुकडा आम्लात मऊ केला असेल तर त्यावरही जनुक तपासणी बहुधा फसते. आणि लॅबमध्ये बनलेला मेणाचा ब्लॉक ही तुमची मालमत्ता आहे. अंगठ्याच्या पेराएवढा मेणाचा चौकोन, वर नंबर घातलेला. तो मागून घ्या, उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पुढं आजार उलटला तर तुलना त्याच्याशीच करायची असते.

आता मुंबई. सध्या नको. उपचार लागू पडतोय, आर-चॉप परळला आणि राजारामपुरीत सारखंच असतं, आणि दर २१ दिवसांनी महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर जाऊन, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाला गर्दीत ठेवून मिळवायचं काय? दुसरं मत हवं असेल तर ब्लॉक, स्लाइड्स आणि पेटची सीडी घेऊन तुम्ही एकटे टाटाला जाऊन या, वडील घरी राहू देत. मुंबई लागेल ती चौथ्या डोसानंतरच्या पेटमध्ये आजार जोरात शिल्लक दिसला, किंवा उपचार संपल्यावर उलटला तर. तेव्हा कार-टीचा विचार असतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या प्रयत्नातून उभं राहिलेलं नेक्सकार१९ हे देशी कार-टी ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजूर झालं. परदेशी कार-टीपेक्षा ते पुष्कळ स्वस्त आहे, तरी सामान्य घराला जडच. त्या वेळी योजना आणि ट्रस्ट यांचा हिशेब आधीपासून लावावा लागतो, ऐनवेळी कागद गोळा होत नाहीत.

बहिणीच्या लग्नाचं उत्तर सोपं आहे. वडिलांच्या रिपोर्टातले बदल त्या गाठीतल्या पेशींत झालेले आहेत, त्यांच्या आयुष्यात पुढं कधीतरी. जन्मापासून अंगभर असलेले आणि मुलांकडे उतरणारे ते नाहीत. तुमची, बहिणीची, नातवंडांची एमवायडी८८ तपासणी करण्यात काही अर्थ नाही, कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा. जवळच्या नात्यात लिम्फोमा असला तर धोका किंचित वाढतो हे खरं, पण मुळातच तो आजार दुर्मीळ असल्यानं ‘किंचित वाढलेला’ म्हणजे तरी अगदी कमी. पाव्हण्यांना सांगायचं असेल तर सरळ सांगा. नाही सांगितलं तरी लपवल्यासारखं त्यात काही नाही.

राहिलं ते पुढचं. पेट साफ निघालं तर सहा डोस पुरे करायचे. मग पहिली दोन वर्षं सांभाळायची, कारण हा आजार उलटतो तो बहुतेक त्याच काळात. अमेरिका आणि फ्रान्समधल्या रुग्णांचा २०१४ मधला एक अभ्यास आहे: निदानापासून २४ महिने आजाराशिवाय काढलेल्यांचं पुढचं आयुष्य त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळपास येतं. तिथं पोचलेल्या माणसाचा २६ शी संबंध उरत नाही, ७९ शीही नाही.

एमवायडी८८ आणि सीडी७९बी वाल्या लिम्फोमाची एक खोड तेवढी लक्षात ठेवा. त्याला मेंदू आणि वृषण या जागा आवडतात. मेंदूत सुरू होणाऱ्या लिम्फोमात हेच दोन बदल सगळ्यात जास्त सापडतात. पेटमध्ये वृषण, किडनी किंवा ॲड्रिनलजवळ काही आहे का हे तुमच्या डॉक्टरांना नेमकं विचारा. तसं असेल तर मेंदूकडं जाऊ नये म्हणून वेगळं औषध द्यायचं का, यावर बोलावं लागतं. त्यात डॉक्टरांतही मतभेद आहेत, मीही सरसकट देत नाही. पण वडिलांचा स्वभाव एकाएकी बदलला, बोलताना शब्द सापडेनासे झाले, एका बाजूला अशक्तपणा आला, हिरड्यात किंवा हनुवटीत बधिरपणा आला, किंवा सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी झाली, तर गावात डोकेदुखीची गोळी देऊन आठवडा काढू नका. त्याच दिवशी फोन करा आणि एमआरआयची वेळ घ्या.